मोकलबाईंची वही

मोकलबाईंच्या कापडी पिशवीत चार वस्तू कायम असायच्या: जेवणाचा डबा, शंभर पानी वही, दोन लाल पेनं आणि घडी घातलेला पंचा. पंचा फळा पुसण्यासाठी. शाळेचं डस्टर त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "त्यानं फळा पुसला जात न्हाय, नुसता पांढरा व्हतो," असं म्हणून त्या पंचा नळाखाली भिजवायच्या, पिळायच्या आणि डावीकडून उजवीकडे, एका दमात, फळा काळाभोर करून टाकायच्या. मग दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघायच्या. लावणीआधी चिखल केलेल्या खाचराकडे बघावं, तसं.

मी त्या शाळेत लिपिक आहे. रेवदंड्याजवळ खाडीकाठचं आमचं गाव, आठवी ते दहावीचे वर्ग, मुलं निम्मी कोळ्यांची आणि निम्मी शेतीवाल्यांची. हजेरीपट, दाखले, आवक-जावक, कपाटांच्या चाव्या हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे कोणता शिक्षक कसा आहे हे मला वर्गात न जाताही कळतं. खडू किती लागतात, कपाटातलं पुस्तक परत येतं की नाही, तास संपल्याची घंटा झाल्यावर कोण किती वेळाने बाहेर पडतं, यावरून. मोकलबाईंना महिन्याला दोन खोके खडू लागायचे. बाकी सगळ्यांना मिळून एक पुरायचा.

बाई पालीच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या. घरची भातशेती. शाळेत आल्या त्या मराठी आणि इतिहास शिकवायला. बोलणं त्यांच्या गावचं, हाय-न्हाय-व्हय असं, आणि ते त्यांनी स्टाफरूममध्ये कधी लपवलं नाही. विज्ञानाच्या सरांनी एकदा चिमटा काढला, "काय हो बाई, मराठीच्या शिक्षिका तुम्ही, आणि 'न्हाय' म्हणता?"

"पुस्तकात 'नाही' लिहिते ना? मग झालं. घरातलं घरात, पुस्तकातलं पुस्तकात. तुम्ही घरी पाण्याला एचटूओ म्हणता का?"

सरांनी चहा संपवला आणि ते उठून गेले.

इंग्रजी त्यांच्याकडे आलं ते अडचणीतून. इंग्रजीचे सर वर्षाच्या मध्यात दुसऱ्या शाळेत गेले, नवीन माणूस नेमायला परवानगी येईना. हेडसरांनी सगळ्यांना एकेक करून विचारलं. प्रत्येकाकडे कारण होतं. मोकलबाई म्हणाल्या, "द्या माझ्याकडं."

"जमेल तुम्हाला?"

"न्हाय जमणार. पण द्या."

त्यांच्या पहिल्या तासाला मी हजेरीपटावर सही घ्यायला दाराशी उभी होते, म्हणून जे झालं ते ऐकायला मिळालं. बाईंनी फळा पुसला. मुलांकडे वळल्या. "हे बघा," त्या म्हणाल्या, "मला इंग्रजी येत नाही. तुम्हालाही येत नाही. तेव्हा आपण बरोबरीत आहोत. फरक एवढाच, की मी रोज घरचा अभ्यास करणार आणि तुम्ही तो तपासणार."

मुलं हसली. त्यांना वाटलं, बाई गंमत करताहेत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिशवीतून ती शंभर पानी वही काढली आणि पहिल्या बाकावर ठेवली. आत त्यांच्या टपोऱ्या अक्षरात इंग्रजीची दहा वाक्यं होती. सोबत लाल पेन. दोन मुलांची जोडी पाडून त्या म्हणाल्या, "शोधा चुका. खाली सही करा. उद्या दुसरी जोडी."

आमच्या शाळेची ही रीत अशी सुरू झाली आणि बाई असेपर्यंत मोडली नाही. तिसरा तास, सव्वाबारा वाजता, वही बाकावर. बाईंना ताप असला तरी वही यायची. एकदा पालीहून येताना गाडी बंद पडली आणि बाई पोचणार नव्हत्या, तर त्यांनी दहा वाक्यांचा फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला. "प्रिंट काढून तिसऱ्या तासाला द्या," असा खाली निरोप. मी दिला.

कुणालाही पडेल तो प्रश्न मलाही पडला. मुलांना इंग्रजी येत नाही, तर ती चुका शोधणार कशी? पण त्याचं उत्तर माझ्याच ऑफिसात होतं. शाळेत एक जाडा शब्दकोश आणि एक जुनं व्याकरणाचं पुस्तक होतं. दोन्ही माझ्या मागच्या कपाटात, कुलपात. आधीच्या सात वर्षांत ती कुणी मागितल्याची नोंद नाही. बाईंच्या पहिल्या महिन्यातच मला त्या पुस्तकांसाठी वेगळी वही घालावी लागली. मुलं मधल्या सुट्टीत खिडकीशी रांग लावायची. "मॅडम, शब्दकोश. बाईंची चूक पकडायची हाय." शिक्षकाची चूक पकडायला मिळते म्हटल्यावर पोरांना जे बळ येतं, ते कुठल्याही बक्षिसाने येत नाही. व्याकरणाचं पुस्तक त्या वर्षी दोनदा शिवावं लागलं. ज्याचा निकाल पुस्तकातूनही लागत नसे, त्याची यादी मी करून ठेवायचे, आणि बाई अलिबागला शिक्षकांच्या बैठकीला गेल्या की तिथे कुणाला तरी गाठून ती यादी पुरी करून आणायच्या.

शिकवण्याचं त्यांचं तंत्र असं काही पुस्तकी नव्हतं. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांची झाकणं मुलांकडूनच मागवलेली. कितीही धुतली तरी वास जायचा नाही. एकेका झाकणावर एकेक शब्द, दोरा ओवून मुलांच्या गळ्यात. मुलं पटांगणात ओळीने उभी. "आई मासळी विकते," असं मराठीत उभं राहायचं. मग बाई टाळी वाजवायच्या, "आता इंग्रजी!" आणि 'विकते'ला पळत मध्ये यावं लागायचं.

"लक्षात ठेवा," बाई म्हणायच्या, "मराठीत माणूस आधी सगळं सामान बघतो आणि शेवटी कामाला लागतो. इंग्रजीत आला की लगेच कामाला लागतो. आधी कोण, मग काय करतो, मग कशाचं. आणि मग थांबायचं."

या थांबण्यावर फार वेळ गेला. मुलं थांबायचीच नाहीत. एकदा सुरू झालेलं वाक्य पान संपेपर्यंत वाहत जायचं. बाईंनी रागावून पाहिलं, नियम सांगून पाहिला. शेवटी निशा नावाची, तेव्हा आठवीत असलेली मुलगी, जिची आई रेवदंड्याहून टोपली घेऊन अलिबागच्या बाजारात बसते, ती म्हणाली, "म्हंजे बाई, नांगर टाकायचा."

बाईंनी टाळी वाजवली. "व्हय! नांगरच. होडी पोचली, आता नांगर टाक. न्हायतर जाईल वाहून."

त्या दिवसापासून आमच्या शाळेत पूर्णविरामाला पूर्णविराम कुणी म्हटलं नाही. वह्या तपासताना "नांगर?" एवढंच ऐकू यायचं. स्वल्पविराम म्हणजे वल्हं उचलून घेतलेला दम. दम घ्यायचा, पण होडी थांबवायची नाही. शेतीवाल्यांच्या मुलांनाही हे चाललं. समुद्र त्यांनीही बघितलेला होता.

दुसरा नियम खऱ्या वाक्यांचा. गाइडमधली वाक्यं बंद. कुणी राम नावाचा चांगला मुलगा लिहिला की बाई विचारायच्या, "हा राम कुठं राहतो? आपल्या शाळेत हाय का? न्हाय? मग तो चांगला हाय हे तुला कुणी सांगितलं?" लिहायचं ते स्वतः पाहिलेलं. त्यामुळे आमच्या मुलांच्या वह्या वाचायला मला फार आवडायच्या. बाप काल समुद्रावरून आला आणि झोपला. आमच्या भातात पाणी शिरलं. किहीमच्या पाहुण्यांनी शहाळं अर्धं टाकून दिलं. चार-पाच शब्दांत गावातली प्रत्येक बातमी इंग्रजीत. बाईंची स्वतःची वाक्यंही तशीच. आज मी डब्यात मीठ विसरले. हेडसर माझ्यावर रागावले. ते बरोबर होते. हेडसरांनी ते पान पाहिलं आणि वही मिटून परत दिली.

एक दिवस निशाची आई शाळेत आली. टोपली दाराशी ठेवली आणि सरळ स्टाफरूममध्ये. माझं ऑफिस शेजारी, मधे नुसता पत्रा आणि उघडं दार.

"माजी पोर तुमच्या वहीवर लाल मारते म्हनं?"

"व्हय," बाई म्हणाल्या.

"आनि तुमी मारू देता?"

"बरोबर मारते ती. न्हायतर दिलं नसतं मारू."

"अवो पन बाई, आमी पोरांना शालेत पाठवतो ती मास्तरच्या चुका काढायला? उद्या घरात माज्या काढंल!"

"काढू दे की. हिशेबात तुमचं चुकतं का कधी?"

"माजं?" बाईंनी असं काही विचारावं हेच तिला सहन झालं नाही. "माजं नाय चुकत."

"मग तुम्हाला कसली भीती? चुका माझ्या व्हतात, भीती मला पाह्यजे."

निशाची आई टेबलाजवळ आली. मग म्हणाली, "दाखवा ती वही."

बाईंनी वही उघडली. तिला अक्षर लागत नव्हतं, ते तिने सांगितलंही. तिने लाल खुणांवरून बोट फिरवलं. "यातलं माज्या पोरीचं कुठलं?"

बाईंनी पानाच्या तळाशी निशाची सही दाखवली. निशाची आई बराच वेळ त्या सहीवर बोट ठेवून उभी राहिली. मग पदराने वहीचं पान पुसलं, कारण हाताला मासळी होती, आणि टोपली उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी निशाच्या हाती बाईंसाठी सुकट आली.

तपासणीचे साहेब आले ते बाईंच्या इंग्रजीचं पाचवं वर्ष चालू असताना. दहावीच्या परीक्षेला तीन महिने होते. साहेब तसे वाईट नव्हते. शाळा फिरले, स्वच्छतागृहं पाहिली, माझी कपाटं उघडून पाहिली आणि "नीट आहे" म्हणाले. मग दहावीच्या वर्गात गेले. तिसरा तास चालू होता. वही निशाच्या बाकावर होती. साहेबांनी खडू घेतला आणि मुलांना चाचणी म्हणून फळ्यावर इंग्रजीत एक वाक्य लिहिलं. मराठीत सांगा, म्हणाले.

निशा उठली. पण तिने अर्थ सांगितला नाही. ती तडक फळ्यापाशी गेली, खालचा खडू उचलला आणि म्हणाली, "साहेब, तुमचा नांगर ऱ्हायला." आणि वाक्याच्या शेवटी तिने ठसठशीत टिंब दिलं.

तिच्या दृष्टीने यात काही विशेष नव्हतं. फळ्यावर जो लिहील त्याचं तपासायचं, एवढंच पोरांना माहीत. बाईंचं रोज तपासत होती, साहेबांचं का नाही? वर्ग हसला, तोही वाईट हेतूने नव्हे. पण हेडसरांचा चेहरा उतरला आणि साहेबांचा लाल झाला. त्यांनी विचारलं, हा काय प्रकार आहे. बाईंनी जे आहे ते सांगितलं, वहीसकट. साहेबांनी वही हातात घेतली नाही.

पाचव्या दिवशी शाळेच्या ईमेलवर पत्र आलं. मी प्रिंट काढली, आवक क्रमांक टाकला. विषय शिकवणाऱ्या शिक्षिकेकडे इंग्रजीची पदवी नाही. विद्यार्थी शिक्षकांच्या चुका उघडपणे काढतात, हे शिस्तीस धरून नाही. सात दिवसांत खुलासा करावा. तोपर्यंत वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावा.

वर्ग विज्ञानाच्या सरांकडे गेला. सर बिचारे नेकीने शिकवायचे, गाइडमधून. पण चार दिवसांत मला फरक दिसला. शब्दकोशाच्या वहीत नोंद नाही. खिडकीशी रांग नाही. तिसऱ्या तासाला वर्गावरून गेलं की एकट्या सरांचा आवाज. मुलं लिहून घेत होती, आणि मान खाली होती. बाई त्या वेळी आठवीला इतिहास शिकवत असायच्या. मधल्या भिंतीपलीकडची ती शांतता त्यांना ऐकू येत असणार, कारण त्या आठवडाभर फळा पुसल्यावर दोन पावलं मागे सरायचं विसरत होत्या.

हेडसरांनी खुलाशाचा मसुदा स्वतः तयार केला. मराठीत, कार्यालयीन भाषेत, एकाच वाक्यात पाऊण पान. घडल्या प्रकाराबद्दल दिलगिरी, यापुढे असे होणार नाही, वगैरे. "सही करा आणि मोकळ्या व्हा," ते म्हणाले. "प्रकरण मिटेल. वर्ग जाईल फार तर. तुम्हाला मराठी-इतिहास आहेच की."

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. "सर, ह्यात थांबायचं कुठं?"

"म्हणजे?"

"आणि पुन्हा असं व्हणार न्हाय, हे खोटं हाय. व्हणार. परत वर्ग दिलात तर उद्याच व्हणार."

त्यांनी खुलासा स्वतः लिहिला, इंग्रजीत. संध्याकाळी माझ्याकडे टाइप करायला आणला. मी तो पाठ केल्यासारखा सांगू शकते. आय टीच इंग्लिश. आय डू नॉट हॅव अ डिग्री इन इंग्लिश. धिस इज ट्रू. आय मेक मिस्टेक्स. माय स्टुडंट्स फाइंड देम. देन वी ऑल लर्न. अशी एकूण अकरा वाक्यं.

हेडसर कपाळाला हात लावून बसले. "अहो, हा खुलासा आहे? ही तर कबुली झाली!"

"मग? जे केलंय तेच कबूल केलंय ना?"

मी मध्ये पडून म्हटलं, "बाई, सुरुवातीला आणि शेवटी एकेक आदराची ओळ घालू का? ऑफिसची पद्धत असते."

"घाला. पण पोरांना तपासता आली पाह्यजे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण बाईंनी खरोखरच खुलाशाचा कागद वहीत ठेवला आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. "वर्ग माझ्याकडं न्हाय. वही तर हाय." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत निशा आणि तिची जोडीदारीण खिडकीशी आल्या. शब्दकोश मागितला. माझ्या ऑफिसातल्या स्टुलावर बसून त्यांनी सरकारी पत्राचं उत्तर लाल पेनाने तपासलं. दोन ठिकाणी खुणा केल्या, खाली सह्या केल्या. बाईंनी दोन्ही दुरुस्त्या मान्य केल्या. मी अंतिम प्रत काढली. बाई म्हणाल्या, "खुणा केलेली प्रतही सोबत जोडा." मी जोडली. जावक नोंदवहीत 'सोबत: तपासलेला मसुदा, पान एक' असं लिहिलं. बावीस वर्षांत तशी नोंद मी पहिल्यांदाच करत होते.

सात दिवस गेले, दहा गेले, उत्तर नाही. हेडसर म्हणाले, थांबा. विज्ञानाच्या सरांनी पाचवा धडा संपवला. अकराव्या दिवशी सकाळी बाई ऑफिसात आल्या. "ठाकूरबाई, तुम्हाला अलिबागला कागद द्यायला जायचंच हाय ना? आज जाऊ. मी अर्धी रजा टाकलीये."

वाटेत रिक्षात त्यांच्या मांडीवर पिशवी, आणि पिशवी नेहमीपेक्षा जड.

अलिबागच्या कार्यालयात साहेबांनी त्यांना ओळखलं. "नांगरवाल्या बाई ना तुम्ही? बसा." बाई बसल्या. मी दाराजवळच्या खुर्चीत. खुलासा त्यांच्या टेबलावरच होता, फायलीत वरच, म्हणजे त्यांनी तो वाचला होता. ते म्हणाले, "बाई, मी जे लिहिलं ते सगळं तुम्ही मान्य केलंय."

"व्हय."

"एकाही मुद्द्याचं खंडन नाही."

"खोटं काहीच न्हाय त्यात, तर खंडन कशाचं करू?"

"मग मी काय करावं, असं तुमचं म्हणणं आहे?"

बाईंनी पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या. पाच. पहिल्या चार वर्षांच्या जाड बांधलेल्या, आतली पानं शंभराहून कितीतरी अधिक, कारण शंभर पानी वह्या त्या वर्षाच्या शेवटी एकत्र शिवून घ्यायच्या; पाचवी चालू वर्षाची, अजून न शिवलेली. साहेबांनी वरची उघडली. ती पहिल्या वर्षाची होती. पान इतकं लाल होतं की निळं शोधावं लागत होतं.

"हे मुलांचं?"

"निळं माझं. लाल मुलांचं."

साहेब पानं उलटत राहिले. दुसरी वही घेतली. एका पानावर थांबले. तिथे मुलांनी लाल खूण केली होती, तिच्या शेजारी बाईंनी निळ्याने 'शब्दकोश पाहा' असं लिहिलं होतं, आणि त्याखाली पुन्हा लाल अक्षरात, 'बाई बरोबर. आम्ही चुकलो.' साहेबांनी ते वाचलं आणि पुढे गेले. तिसरी, चौथी. लाल विरळ होत गेलेलं मला दारातूनही दिसत होतं. पाचव्या वहीत एका पानावर लाल खूणच नव्हती.

"हे तपासायचं राहिलं वाटतं."

"तपासलंय, साहेब. खाली सही हाय."

साहेबांनी सही पाहिली. मग चष्मा काढला. "मुलं तुम्हाला घाबरत नाहीत का हो?"

"मी त्यांना घाबरते. म्हणून तर रोज लिहिते."

चष्मा पुन्हा चढवून साहेब म्हणाले, "ठीक आहे. वह्या ठेवून जा. मी बघतो, मग कळवतो."

बाईंनी चार वह्या त्यांच्याकडे सरकवल्या आणि पाचवी उचलून पिशवीत टाकली. "ही न्हाय ठेवता यायची. उद्या तिसऱ्या तासाला तपासायला द्यायची हाय."

"अहो पण बाई, वर्ग तुमच्याकडे नाहीये सध्या."

"म्हणून तर आले," बाई म्हणाल्या.

मी खाली बघितलं. साहेबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मग कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. साहेबांनी बाईंचंच निळं पेन घेऊन फायलीतल्या खुलाशावर चार ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद माझ्याकडे धरला. "याची नक्कल करून घेऊन जा. वर्ग यांच्याकडेच राहील. तपासणीची पद्धतही राहू दे." मग बाईंना म्हणाले, "तिसरा तास किती वाजता असतो?"

"सव्वाबारा."

"मग निघा आता. अजून लिहायचं असेल ना तुमचं?"

बाई दोन वर्षांनी निवृत्त झाल्या आणि पालीला मुलाकडे राहायला गेल्या. निरोपसमारंभ मीच आखला होता. त्याची कार्यक्रमपत्रिका आणि फोटो माझ्याकडे क्रमाने लावलेले आहेत. बाई त्यात हार घालून बसल्यात, आणि त्यांच्यासारख्या दिसत नाहीत. त्यांचं नाव निघालं की मला तो दिवस आठवत नाही. आठवते ती अलिबागहून परतलो त्या दिवशीची संध्याकाळ.

रेवदंड्याला रिक्षा थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. सुकत घातलेली मासळी बायका गोळा करत होत्या. आणि रिक्षाथांब्याच्या कट्ट्यावर दहावीचा जवळजवळ अर्धा वर्ग बसला होता. सायकली आडव्या पडलेल्या. कुणी सांगितलं त्यांना, माहीत नाही. निशा पुढे आली. "बाई, काय झालं?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. "सरक जरा," म्हणून त्या कट्ट्यावर बसल्या. पिशवीतून वही काढली. "पेन हाय का कुणाकडं? माझं निळं साहेबांच्या टेबलावर ऱ्हायलं." कुणीतरी पेन दिलं. बाईंनी वही मांडीवर धरली आणि लिहायला लागल्या. आज मी अलिबागला गेले. मुलं पाठीमागून वाकून एकेक शब्द वाचू लागली, ओठ हलवत. दोन बायका मासळीच्या टोपल्या घेऊन थांबल्या, त्यातली एक निशाची आई. मी साहेबांना भेटले. साहेबांनी माझी वही वाचली. मुलांचे श्वास ऐकू येत होते. निशाने आईचा हात धरला होता.

चौथं वाक्य लिहून झालं आणि पोरं अशी ओरडली, की बंदरातल्या होडीवरून कुणीतरी काय झालं म्हणून हाक मारली.

बाईंनी मान वर केली नाही. अजून सहा वाक्यं लिहायची होती.